‘पोराच्या डोक्यात अभ्यास गेला’ : संगणकाच्या ‘स्किझोफ्रेनिया’बद्दल तीन पत्रं

प्रश्न : डॉक्टरबाईंना नमस्कार. माझा मुलगा 26 वर्षांचा आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून तो राज्यसेवेचा अभ्यास करत होता. सकाळी अभ्यासिकेत गेला की रात्री अकरालाच खोलीवर यायचा. पुढे त्याला वाटू लागलं की अभ्यासिकेतली मुलं त्याच्या नोट्स चोरतात आणि मोबाइलवरून त्याच्यावर नजर ठेवतात. आम्ही त्याला गावी आणलं. स्किझोफ्रेनिया असं निदान झालं. गोळ्या चालू आहेत आणि पुष्कळ फरक आहे. परवा माझा भाचा (तो आयटीत आहे) म्हणाला, ‘आत्या, अमेरिकेत शास्त्रज्ञांनी एका कॉम्प्युटरला प्रमाणाबाहेर शिकवलं, तर त्यालाही स्किझोफ्रेनिया झाला.’ तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणतात, ‘पोराच्या डोक्यात अभ्यास गेला.’ आम्हीच त्याला अभ्यासाला पाठवलं. त्यांचं म्हणणं खरं आहे का? आणि कॉम्प्युटरला जे होतं ते दुरुस्तही करता येत असणार. मग गोळ्यांची गरज किती दिवस?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमचा मुलगा अभ्यासामुळे आजारी पडलेला नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं वाचेपर्यंत तुम्ही हाच एक प्रश्न मनात धरून बसाल.

आता भाच्याने सांगितलेल्या प्रयोगाकडे येऊ. प्रयोग खरा आहे. 2011 साली तो ‘बायोलॉजिकल सायकियाट्री’ या नियतकालिकात छापून आला. येल विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ राल्फ हॉफमन आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ रिस्टो मिक्कुलाइनन व उली ग्रासमन यांनी तो केला. त्यांच्या संगणकप्रणालीचं नाव डिसर्न. मिक्कुलाइनन यांनी ती त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी रचलेली होती, आणि तिचं काम एवढंच, की छोट्या गोष्टी वाचायच्या, लक्षात ठेवायच्या आणि विचारल्यावर परत सांगायच्या. काही गोष्टी ‘मी’ने स्वतःबद्दल सांगितलेल्या, तर काही गुंडांच्या आणि पोलिसांच्या.

हे मेंदूचं फार फार लहान चित्र आहे. त्यात मज्जापेशी नाहीत, रक्त नाही, घर नाही, आई नाही. आकड्यांच्या जोडण्यांचं एक जाळं, बस्स. पण हे जाळं शिकतं कसं, हे समजलं की भाच्याच्या वाक्यात घोटाळा कुठे झाला ते लगेच लक्षात येईल.

एखादी मुलगी पोळ्या करायला शिकते तेव्हा पोळी करपली तर आच जराशी कमी करते, कच्ची राहिली तर जराशी वाढवते. डिसर्नही तसंच शिकतं. गोष्ट सांगताना चूक झाली की आतल्या जोडण्या थोड्या थोड्या बदलतात. किती थोड्या, ते ठरवणारा एक आकडा असतो. त्याला लर्निंग रेट म्हणतात. हॉफमन यांच्या गटाने तो आकडा वाढवला. म्हणजे पोळीवर एक डाग दिसला की शेगडी बंद, जरा कच्ची वाटली की आच एकदम भडक. प्रत्येक बारीकसारीक चुकीला जाळं वाजवीपेक्षा मोठं महत्त्व देऊ लागलं. ज्याकडे दुर्लक्ष करायला हवं तेही खोल कोरलं गेलं.

‘प्रमाणाबाहेर शिकवलं’ याचा अर्थ इतकाच आहे. डिसर्नला जास्त तास बसवलं नव्हतं, जास्त पुस्तकं दिली नव्हती, परीक्षेचा ताणही नव्हता. शास्त्रज्ञांनी या अवस्थेला ‘हायपरलर्निंग’ असं नाव दिलं, बातमीत त्याचं ‘जास्त शिकणं’ झालं आणि तुमच्या घरात ते ‘जास्त अभ्यास’ होऊन पोहोचलं.

त्यानंतर जे घडलं ते मात्र मला आजही चटका लावतं. डिसर्नच्या गोष्टी एकमेकींत मिसळू लागल्या. स्वतःच्या गोष्टीत गुंड आले, गुंडांच्या गोष्टीत ‘मी’ गेला. एका उत्तरात तर त्याने एका दहशतवादी बॉम्बस्फोटाची जबाबदारी स्वतःवर घेतली. काही वेळा वाक्यं रुळावरून घसरायची, मधेच भलत्याच गोष्टीत शिरायची, ‘मी’चा ‘तो’ व्हायचा. ओपीडीत समोर बसलेल्या एखाद्या तरुणाकडून ‘बातम्यांत माझ्याबद्दल सांगतात’ किंवा ‘तो अपघात माझ्यामुळे झाला’ हे ज्याने ऐकलं आहे, त्याला ही उत्तरं ओळखीची वाटतील.

पण ओळखीचं वाटणं पुरेसं नसतं, आणि हॉफमन यांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, डिसर्नमध्ये फक्त एकच बिघाड करून ते थांबले नाहीत. जोडण्या तोडून पाहिल्या, गोंगाट मिसळून पाहिला, असे एकंदर 8 वेगवेगळे बिघाड करून पाहिले. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा आजार असलेल्या 37 माणसांना आणि आजार नसलेल्या 20 माणसांना त्यांनी गोष्टी ऐकवल्या आणि नंतर त्या परत सांगायला लावल्या. माणसं जिथे अडखळली, ज्या प्रकारे चुकली, ते टिपलं. मग ताडून पाहिलं, की संगणकाचा कोणता बिघाड आजारी माणसांच्या चुकांशी सगळ्यात जास्त जुळतो. हायपरलर्निंग सगळ्यात जास्त जुळलं.

त्यातून एक शक्यता पुढे आली, की या आजारात कदाचित मेंदू कमी शिकत नाही, तर नको तेही फार पक्कं शिकतो. शक्यता म्हणतेय मी. कारण सापडलं, असं त्या संशोधकांनीही म्हटलेलं नाही.

या शक्यतेला दुसरीकडूनही आधार आहे. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. अपेक्षेपेक्षा काही वेगळं घडलं की ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे’ असा इशारा देण्यात त्याचा वाटा असतो. 2003 मध्ये शितिज कपूर यांनी मांडलं, की सायकोसिसमध्ये, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटतं त्या अवस्थेत, हा इशारा अवेळी, अस्थानी वाजत राहतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाने मोबाइल खिशात घातला, यात खरं तर काही नाही. पण आतून इशारा आला, की हे महत्त्वाचं आहे. का महत्त्वाचं, याचं उत्तर मग मन स्वतःच रचतं. तुमच्या मुलाचा नोट्सबद्दलचा संशय मला असा दिसतो. तो खोटं बोलत नव्हता आणि वेडंवाकडंही बोलत नव्हता. आतून आलेल्या एका चुकीच्या इशाऱ्याचा तो अर्थ लावत होता.

तो घेत असलेल्या गोळ्या डोपामिनच्या या इशाऱ्याचा जोर कमी करतात. म्हणूनच बरं वाटू लागलेली माणसं मला सांगतात, ‘विचार अजून येतो, पण आता तेवढा टोचत नाही.’ गोळी संशय पुसून टाकत नाही. ती त्याची धार बोथट करते. मग बोलणं, झोप, हाताला काम, घरातली शांतता यांना जागा मिळते. या गोळ्या किती वर्षं घ्यायच्या, हे तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. डिसर्नमध्ये आकडा बदलला की बिघाड होतो. मुलाच्या डोक्यात तसा फिरवायचा आकडा कुठेही नाही. ‘आता बरा आहे’ म्हणून परस्पर गोळ्या थांबवल्या आणि काही महिन्यांत सगळं पुन्हा सुरू झालं, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे, की या एका बाबतीत मी तुम्हाला हात जोडून सांगते, परस्पर थांबवू नका.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना दोष देऊ नका, कारण त्यांनी जे पाहिलं ते खरंच तसं दिसतं. मुलगा अभ्यास करत होता आणि आजारी पडला. पण मुलग्यांमध्ये हा आजार बहुतेक वेळा विशीच्या आसपास किंवा विशीतच सुरू होतो. आपल्याकडे मुलं स्पर्धा परीक्षांना बसतात तीही त्याच वयात. शेतात राबणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या, शाळा सोडलेल्या मुलांनाही तो त्याच वयात होतो. तिथे घरचे म्हणतात, ‘बाहेरचं लागलं’, ‘प्रेमभंग झाला’. जे समोर असतं त्याला कारण बनवलं जातं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल. संशय उघड दिसण्याच्या कितीतरी आधी, कधी काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, या आजाराची चाहूल सुरू झालेली असते. लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, मित्र कमी होतात, झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं होतं. हुशार मुलगा अशा वेळी काय करतो? तेच पान पुन्हा वाचतो. जास्त तास बसतो. तुमचा मुलगा रात्री अकरापर्यंत बसत होता ते आजाराचं कारण नसून, त्या आजाराशी एकट्याने चाललेली त्याची झुंज असू शकेल. त्याला कधीतरी सहज विचारा, ‘तेव्हा वाचलेलं लक्षात राहायचं का रे?’ उत्तर ऐकून घ्या, त्यावर काही बोलू नका.

ताणाचा काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्यात मुळात हा धोका आहे, त्याला सलग जागरणं, एकटेपणा, गांजा यांनी आजाराकडे ढकललं जाऊ शकतं. पण तो धोका बराचसा जन्मासोबत येतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. तरीही निम्म्याहून अधिक वेळा त्या दुसऱ्याला तो होत नाही. म्हणजे रक्तात सगळं लिहिलेलं नाही, आणि आईच्या हातातही सगळं नव्हतं.

आईला दोष देण्याची चूक डॉक्टरांनीही केलेली आहे, ताई. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ अशी कल्पना मांडली. पुढची कितीतरी वर्षं जगभरातल्या आया मुलांच्या खाटेजवळ बसून स्वतःलाच दोषी धरत राहिल्या. पुराव्यापुढे ती कल्पना टिकली नाही. ती सोडून दिली गेली, पण त्या आयांची ती वर्षं गेली ती गेलीच. तुमच्या बाबतीत ते होऊ नये. भाच्याला हे उत्तर वाचायला द्या. आणि जमलं तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे पुण्याच्या ‘सा’ संस्थेच्या स्वमदत गटात एकदा जाऊन या. तिथे तुमच्यासारख्याच आया-बाबांशी बोलता येईल.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते. संगणकाने मनोविकाराची नक्कल करणं ही जुनीच गोष्ट आहे, असं आमचे सर म्हणाले. पण नक्कल हुबेहूब जमली म्हणजे आजार समजला, असं होतं का?
– विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : सर बरोबर सांगतात. 1972 साली स्टॅनफर्डमध्ये मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी पॅरी नावाचा प्रोग्राम केला. पॅरी म्हणजे 28 वर्षांचा अविवाहित, संशयी पुरुष. त्याला घोड्यांच्या शर्यतींचा नाद, बुकीशी भांडण झालेलं आणि माफिया मागावर आहेत ही भीती. त्याच्या आत भीती, राग आणि अविश्वास यांचे आकडे असायचे आणि समोरचा काय बोलतो त्याप्रमाणे ते वर-खाली व्हायचे. मनोविकारतज्ज्ञांनी टेलिटाइपवरून, म्हणजे टंकलेखी संदेशयंत्रावरून, पॅरीशी आणि खऱ्या रुग्णांशी बोलणं केलं. त्या संवादांचे कागद आणखी 33 तज्ज्ञांना दाखवले, आणि यातला माणूस कोण, प्रोग्राम कोण ते ओळखायला सांगितलं. उत्तरं 48 टक्केच बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

त्याच वर्षी पॅरीचं संभाषण अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज संगणकजाळ्यावरून जोसेफ वायझेनबॉम यांच्या एलायझाशी लावून दिलं गेलं. एलायझा हा 1966 चा, मानसोपचारतज्ज्ञासारखे प्रश्न विचारणारा प्रोग्राम. तो संवाद मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. मला त्यात शिकण्यासारखं फारसं सापडत नाही.

वायझेनबॉम यांना स्वतःला असल्या कौतुकाचा त्रास व्हायचा. आपण स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचं मॉडेल बनवलं आहे, काही विचारलं तरी ते उत्तरच देत नाही, अशा अर्थाचं त्यांनी उपरोधाने लिहिलं होतं. स्वमग्न मुलांचं हे वर्णन चुकीचं आणि कठोर आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता. बाहेरून सारखं दिसणं म्हणजे आतून सारखं असणं नव्हे. पॅरीत संशय का येतो, याचं उत्तर ‘कोल्बींनी घातला म्हणून’ एवढंच होतं.

म्हणून तू अभ्यासासाठी 1992 चा जोनाथन कोहेन आणि डेव्हिड सर्वान-श्रायबर यांचा लेख काढून वाच. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असताना शाईचा रंग सांगायचा, ही स्ट्रूप चाचणी तुमच्याकडे प्रॅक्टिकलला असेलच. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांना ती जास्त जड जाते. या दोघांनी मॉडेलमधल्या एकाच भागात, म्हणजे ‘आत्ता मला काय करायचंय’ हे धरून ठेवणाऱ्या भागात, डोपामिनच्या परिणामासारखा एकच बदल केला. संशय घातला नाही, चूक घातली नाही. तरी स्ट्रूपमधली अडचण दिसली, लक्ष टिकवण्याच्या चाचणीतली दिसली, आणि वाक्यातल्या आधीच्या संदर्भावरून शब्दाचा अर्थ लावण्यातलीही दिसली. एका बदलातून तीन वेगवेगळ्या अडचणी बाहेर आल्या, हे मला पॅरीच्या सगळ्या संवादांपेक्षा मोठं वाटतं. मॉडेलकडून काय मागावं, ते इथे कळतं. जे आपण आत घातलेलं नाही ते बाहेर यावं, आणि ते माणसांवर तपासता यावं.

हॉफमन यांच्या आधीच्या कामातही हे दिसतं. बोलणं ओळखणाऱ्या जाळ्यातल्या जोडण्या ते छाटत गेले. थोड्या छाटल्या तेव्हा जाळं सुधारलं. जास्त छाटल्यावर कोणी बोलत नसतानाही त्याला शब्द ‘ऐकू’ येऊ लागले. किशोरवयात मेंदू स्वतःच्या जोडण्या छाटतो आणि ही छाटणी बिघडली तर हा आजार होत असावा, असं अर्विन फाइनबर्ग यांनी 1982 मध्ये सुचवलं होतं. 2016 मध्ये सी-4 या जनुकाचा स्किझोफ्रेनियाच्या धोक्याशी संबंध दाखवला गेला, आणि जोडण्या छाटण्याच्या कामात त्याचा हात असतो असं उंदरांमध्ये दिसलं. संगणकावरचं चित्र आणि प्रयोगशाळेतला पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा मी कान टवकारते. पण एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली असेल. एका मॉडेलमध्ये जोडण्या कमी झाल्या आहेत, दुसऱ्यात शिकणं वाढलं आहे, आणि लक्षणं दोन्हींतून उमटतात. एकाच लक्षणाकडे जाणाऱ्या वाटा अनेक असू शकतात. प्रबंधाला विषय हवा असेल तर इथे शोध.

प्रश्न : मला दहा-बारा वर्षं आवाज ऐकू येतात. औषधांनी कमी आहेत. नोकरी करतो. असल्या संशोधनात माझ्यासारख्यांचा काही उपयोग आहे का, की आता सगळं कॉम्प्युटरच करणार? मला भाग घेता येईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, तुमच्याशिवाय या मॉडेलना काही अर्थच नाही. त्या 37 जणांनी बसून गोष्टी सांगितल्या नसत्या तर डिसर्नची उत्तरं म्हणजे नुसती गंमत ठरली असती.

आवाजांबद्दलचाच एक प्रयोग सांगते. येलच्या अल्बर्ट पॉवर्स आणि फिलिप कॉर्लेट यांच्या गटाने तो 2017 साली ‘सायन्स’मध्ये मांडला. लोकांना पडद्यावर चौकटींचा पट दाखवायचा आणि त्याच वेळी एक स्वर ऐकवायचा. हळूहळू स्वर बारीक करायचा, कधी पूर्ण बंदच. पट दिसला की स्वर नसतानाही तो ऐकू येणं, हे थोडंफार सगळ्यांनाच होतं. ज्यांना रोजच्या आयुष्यात आवाज येतात त्यांना ते कितीतरी जास्त वेळा झालं. यात उपचार घेणारे रुग्ण होते, आणि आवाज ऐकू येतात पण आजार नाही असे, स्वतःला अतींद्रिय शक्ती आहे म्हणणारे लोकही होते. गणिती मॉडेल लावल्यावर दिसलं, की आवाज येणाऱ्या दोन्ही गटांत ‘आता ऐकू येणार’ ही मेंदूची अपेक्षा कानांवर मात करत होती. मात्र परिस्थिती बदलली, स्वर आता येत नाही, हे ध्यानात घेऊन आपला समज बदलणं आजार असलेल्यांना जास्त अवघड गेलं.

तुम्ही आवाजांसकट नोकरी करता. ‘हा आवाज आतला आहे’ हे तुम्ही कधी आणि कसं ओळखू लागलात, कोणत्या वेळी ओळखता येत नाही, हे एका वहीत लिहून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मला पाठवलंत तर मीही मनापासून वाचेन.

भाग घेण्याबद्दल विचारलंत. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांत मनोविकारांवर संशोधन चालतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा, जवळपास एखादा अभ्यास चालू असेल तर ते सांगतील. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार तुमच्या मोकळ्या, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तुमच्यावर संशोधन करता येत नाही. संमतीचा कागद मराठीत मागा. वैद्यकीय नीती समितीची मंजुरी आहे का, विचारा. मधेच बाहेर पडलात तरी तुमचे उपचार थांबता कामा नयेत, हे त्यात लिहिलेलं आहे ना, ते पाहा. ‘अभ्यासासाठी औषध बंद करा’ असं कोणी म्हणालं तर सही करण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांशी बोला. आणि एखाद्या रात्री आवाज फार वाढले, ते काही करायला सांगू लागले, तर कोणाचीही वाट न पाहता घरातल्या माणसाला उठवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.